चोपड्याच्या स्टुडिओवाल्या भाऊंच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू काल रात्री रिपेअरचं दुकान बंद करताना वाचला. आयमॅक दुरुस्तीला दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले, नुसतं फॉरमॅट मारायचे साडेसात हजार घेतले आणि वरून चार लग्नांचा डेटा घालवला, असं तुम्ही लिहिलंय. उशिराचं खरंय. आखाजीची लग्नसराई तोंडावर, तुम्हाला अल्बम द्यायचे होते आणि मी स्वतःहून एकदाही फोन केला नाही, दर वेळी तुम्हीच चोपड्याहून फोन करून विचारलं, ही चूक माझीच आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण डेटा आमच्या दुकानात गेला हे मी कबूल करणार नाही, कारण तो मशीन जळगावला यायच्या आधीच गेलेला होता.

तुमचा आयमॅक, म्हणजे ॲपलचा कॉम्प्युटर, 2015 चा, 27 इंची, त्यात फ्यूजन ड्राइव्ह. बाहेरून एकच ड्राइव्ह दिसते पण आत दोन असतात, 1 टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क आणि 24 जीबीची छोटी एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान ड्राइव्ह, आणि सिस्टिम दोघींना जोडून एक करते, रोज लागतं ते एसएसडीवर सरकवते आणि बाकीचं हार्ड डिस्कवर ठेवते. 2012 मध्ये फ्यूजन आली तेव्हा एसएसडी 128 जीबीची असायची, 1 टीबीवाल्यात ती नंतर 24 वर आणली. आता बऱ्याच जणांना वाटतं की एकीची कॉपी दुसरीवर असते म्हणजे एक गेली तरी चालेल. तसं अजिबात नाही. एकाच फोटोचा काही भाग इकडे आणि काही तिकडे असू शकतो आणि कुठला तुकडा कुठे ठेवलाय हा हिशोब दोघी मिळूनच लागतो, एक पुसली की दुसरीवर जे आहे ते पण धड वाचता येत नाही.

मशीन आलं तेव्हा चालू केल्यावर प्रश्नचिन्हवालं फोल्डर ब्लिंक होत होतं. डिस्क युटिलिटीत, म्हणजे मॅकमधल्या ड्राइव्ह बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन ड्राइव्ह वेगवेगळ्या दिसत होत्या आणि एसएसडी पूर्ण रिकामी, नवीन नाव देऊन इरेज करेल होती. हे मी तुम्हाला काउंटरवर तुमच्यासमोर दाखवलं आणि जॉब शीटवर लिहून ठेवेल आहे, खाली तुमची सही आहे. आधी मशीन कोणी हाताळलं ते मी इथे काढत नाही, त्याने बिचाऱ्याने मदत करायलाच इरेज दाबलं असणार.

तरी आम्ही लगेच फॉरमॅट केलं नाही. हार्ड डिस्कचा पण टकटक आवाज येत होता, बॅड सेक्टर, म्हणजे वाचताच न येणारे खराब भाग होते, म्हणून आधी तिची जशीच्या तशी इमेज, म्हणजे पूर्ण नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घेतली, त्यातच दोन रात्री गेल्या, आणि हाताला काय लागलं तर फोल्डरांची नावं आणि अर्धे करडे झालेले फोटो. नवरी-नवरदेवाचा हार घालतानाचा फोटो अर्ध्यातून खाली करडा पट्टा, तो बघून मलाच कसंतरी झालं. म्हणून तुम्हाला मेमरी कार्डं पाठवायला सांगितली आणि त्यातून दोन लग्नं काढून दिली, त्याचा एक रुपया बिलात नाही. संक्रांतीपर्यंतचं सगळं तुमच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या टाइम मशीन (मॅकचं बॅकअप सॉफ्टवेअर) बॅकअपमधून परत टाकून दिलं.

आता फॉरमॅटचं. नुसतं फॉरमॅट नव्हतं, खराब हार्ड डिस्क बदलायची होती. 2012 नंतरच्या या आयमॅकची स्क्रीन गोंदाच्या पट्टीने चिकटवेल असते, ती कापून काच उचलावी लागते, आणि बंद करताना नवीन पट्ट्या लागतात. त्या मुंबईहून मागवल्या, त्यात चार दिवस गेले. दोन्ही ड्राइव्ह परत जोडायची टर्मिनलमधली (जिथे हुकूम टाइप करून देतात) डिस्कयुटिल रीसेटफ्यूजन कमांड मॅकच्या मोहावे किंवा त्याच्या पुढच्या सिस्टिमच्या रिकव्हरीतच, म्हणजे दुरुस्तीच्या मोडमध्येच चालते, म्हणून इंटरनेट रिकव्हरीतून मॉन्टेरे ही पुढची सिस्टिम उतरवावी लागली आणि आमचं नेट मध्येच दोनदा तुटलं. कमांड स्वतः काही मिनिटांची असते, पण ती दोन्ही ड्राइव्ह कोऱ्या करते, म्हणून वाचवता येईल ते सगळं वाचवून झाल्याशिवाय मी तिला हात लावला नाही. बिल असं आहे, नवीन हार्ड डिस्क 4200, पट्ट्या 900, मजुरी 2400. दीड हजारात फॉरमॅट करून देणारे भरपूर आहेत, पण जुनी टकटक करणारी डिस्क तशीच ठेवून सिस्टिम टाकली असती तर पुढच्या सीझनला तुम्ही परत इथेच उभे राहिले असते.

माझं मत मी तेव्हाही सांगेल होतं आणि आजही तेच आहे, हार्ड डिस्कच्या जागी मोठी एसएसडी टाका आणि ही जोडगोळी सोडा. तुम्ही म्हणाले आधी होतं तसंच पाहिजे, म्हणून तसंच केलं. पण आता बॅकअप रोज लावा भाऊ, संक्रांतीला एकदा आणि मग थेट दिवाळीला असं नको, लोकांची लग्नं परत शूट करता येत नाहीत.

उशीर माझ्यामुळे झाला म्हणून मजुरीतले 1000 आजच परत पाठवतो. आणि उरलेल्या दोन लग्नांपैकी एकाचं कार्ड तुमच्या सेकंड शूटरकडे आहे असं तुम्ही म्हणाले होते. त्याला आजच फोन करून सांगा की त्या कार्डवर एक पण नवीन फोटो काढू नको, फॉरमॅट मारेल असलं तरी चालेल, फक्त वरून काही लिहायला नको. एसटीने कोणासोबत पाठवून द्या किंवा रविवारी या, रविवारी दुकान बंद असतं पण मी उघडतो.