अळीला तोंड देणारा मका आणि तो फिरणारा मेसेज

खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. यंदा भावकीतल्याच तिघांनी मला तो पाठवला. त्याचा आशय असा: ‘कीड-प्रतिकारक मका म्हणजे जीएम मका. त्याच्या पेशीपेशीत विष असतं. जे खाऊन अळी मरते, ते माणसाला कसं पचेल? आपल्या गावरान मक्याला कीड लागतच नव्हती. आणि कितीही प्रतिकारक वाण आणा, दोन वर्षांत अळी सरावते.’ मी मका पिकवतो, घरी त्याची भाकरी होते, जनावरांना त्याचाच मुरघास घालतो. म्हणून एकेका वाक्याचं उत्तर देतोय.

‘प्रतिकारक म्हणजे जीएम.’ हे साफ चूक आहे. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक घातलेलं पीक. भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगीच नाही. अमेरिकेत बीटी मका, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला जीएम मका, 1996 मध्ये बाजारात आला, पण किडीला तोंड देणारा मका निवडून काढायचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचे मिसिसिपीतले पैदासकार, म्हणजे नवे वाण काढणारे शास्त्रज्ञ, कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटाकडचा मका घेऊन बसले होते. मेक्सिकोत सिमिट या मका-गव्हावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तेच चालू होतं. पद्धत अशी: प्रयोगशाळेत वाढवलेल्या, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या घ्यायच्या, दाणे काढून उरलेल्या कणसाच्या बारीक भरड्यात मिसळायच्या आणि प्रत्येक झाडाच्या पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) मोजून सोडायच्या, झाडामागे साधारण तीस. सात आणि चौदा दिवसांनी ओळीने फिरून प्रत्येक झाडाला शून्य ते नऊ असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे ओरखडाही नाही, नऊ म्हणजे पोंग्याची चाळण. कमी गुणाची झाडं राखायची, त्यांचा आपसात संकर करायचा, पुढच्या हंगामात पुन्हा अळ्या सोडायच्या. यात वर्षांमागून वर्षं जातात. आपले आजे-पणजे चांगलं कणीस बियाण्याला बाजूला काढून ठेवायचे, त्याच कामाला इथे मोजमाप आणि चिकाटी जोडली आहे.

‘पेशीपेशीत विष असतं.’ या वाक्यानेच माणसं सर्वात जास्त घाबरतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

मिसिसिपीतून निघालेल्या एमपी 708 या वाणात काय घडतं ते बघा. अळीने पान कुरतडायला सुरुवात केली की तासाभरात पोंग्यात एक प्रथिन जमा होऊ लागतं. अळीच्या आतड्याला आतून एक पातळ पडदा असतो, त्याला हे प्रथिन भोकं पाडतं. अळी लगेच मरत नाही. तिला खाल्लेलं अंगी लागत नाही, ती खुरटते. अळीच्या पोटातला असा पडदा माणसाच्या आतड्यात नसतो.

दुसरं उदाहरण डिंबोआ नावाच्या द्रव्याचं. हे मक्याच्या कोवळ्या पानात मुळातच असतं, कुणी घातलेलं नाही. झाड ते साखरेला बांधून निरुपद्रवी रूपात साठवतं, आणि अळीने चावा घेतला की ते मोकळं होतं. रोप लहान असताना ते भरपूर असतं, झाड वाढेल तसं उतरत जातं. याच कुळातली द्रव्यं गव्हाच्या रोपातही असतात, आणि गव्हाला कुणी विषारी म्हणत नाही.

तिसरं, मेक्सिकोतल्या ओआहाका भागातला सापालोते चिको हा जुना गावरान मका. त्याच्या केसरात मेसिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. आपल्या घाटेअळीची तिकडची बहीण केसर खात खातच कणसात शिरते आणि तिथेच अडकते. कणीस भाजायच्या आधी आपण सोलून फेकतो ते हेच केसर.

‘गावरान मक्याला कीड लागत नव्हती.’ मका मुळात मेक्सिकोचा. आपल्याकडे तो आला तेव्हापासून इथला खोडकिडा त्याच्या मागे आहे. अमेरिकन लष्करी अळी मात्र 2018 मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पसरली. जी अळी इथे नव्हतीच, ती आजोबांच्या मक्याला लागली नाही, यात त्या मक्याचा गुण काय?

तरी या वाक्यात काही खरंही आहे, ते झाकायचं कारण नाही. मक्याच्या मुळांवर अळी आली की काही वाण जमिनीत एक वास सोडतात, आणि त्या वासावर किडीला मारणाऱ्या सूत्रकृमी (धाग्यासारखे अतिबारीक कृमी) धावून येतात. 2005 च्या एका अभ्यासात दिसलं, की मक्याच्या रानटी पूर्वजात आणि युरोपातल्या वाणांत हा गुण टिकला आहे, उत्तर अमेरिकेतल्या वाणांत मात्र तो हरवला आहे. उत्पादनाच्या मागे लागताना असं निसटतं. पण ते परत आणायचं तर जुने वाण जपून त्यांतून गुण उचलावे लागतात. हेच काम पैदासकार करतात, आणि मेसेज त्यांनाच शत्रू ठरवतो.

‘दोन वर्षांत अळी सरावते.’ एकाच जनुकावर विसंबलं तर तसं होतं. प्वेर्तो रिकोत बीटी मक्याचं असंच झालं: लष्करी अळी सरावली आणि 2006 मध्ये तिथली त्या बियाण्याची विक्री थांबवावी लागली. पण निवडीतून आलेली प्रतिकारशक्ती बहुधा अनेक जनुकांची मिळून असते. पान चिवट, त्यात एखादं द्रव्य, वर प्रथिनाचा मारा. इतकी कुलपं एकदम उघडणं अळीला जड जातं. मात्र ही शक्ती अर्धीमुर्धीच असते. सिमिटने 2020 च्या अखेरीस आफ्रिकेसाठी लष्करी अळीला तोंड देणारे तीन संकरित वाण जाहीर केले, तेव्हा ‘सहनशील’ हाच शब्द वापरला. अळी येणार, नुकसान कमी होणार, एवढाच त्याचा अर्थ.

दोन वर्षांमागे एका दुकानात मला सांगितलं, ‘हे बियाणं न्या, अळी फिरकणार नाही.’ मी भरवशावर राहिलो. पंचविसाव्या दिवशी पोंगा उघडला तर आत लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा, आणि खाली डोक्यावर उलटा वाय असलेली जाडजूड अळी. आता मी पिशवी घेताना तीनच प्रश्न विचारतो: कुठल्या किडीला प्रतिकारक, चाचणी कुठे झाली, नऊपैकी गुण किती. उत्तर नसेल तर पिशवी परत ठेवतो. आणि उत्तर मिळालं तरी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावतो, आठवड्यातून दोनदा पोंगे उघडून बघतो.