ही चिप खोली गार नाही, गरम करते

‘कॉम्प्रेसर नको, गॅस नको, भिंतीला भोक नको. 300 रुपयांच्या पेल्टिअर चिपा लावा, बेडरूम एसीसारखी गार. कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय!’ हा व्हिडिओ फिरत फिरत मामांकडे पोचला आणि त्यांनी दहा चिपा मागवल्यासुद्धा. आता गप्प बसवत नाही.

दाबून ठेवलंय म्हणे! वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम, हा परिणाम फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिअरने 1834 साली दाखवला. गाडीतल्या छोट्या कूलबॉक्समध्ये हीच चिप असते.

खरा घातक मुद्दा ‘भोक नको’ हा. चिप उष्णता नाहीशी करत नाही. एका बाजूने ओढते, दुसऱ्या बाजूने सोडते, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही त्यात घालते. समजा चिपेने 60 वॅट वीज घेऊन 30 वॅट उष्णता ओढली. मागून बाहेर पडणार 90 वॅट. व्हिडिओतला माणूस गार पत्र्यावर हात ठेवून दाखवतो. मागच्या पंख्याची गरम हवा त्याच खोलीत चाललीय, तिकडे कॅमेरा वळतच नाही. दहा चिपा म्हणजे बंद खोलीत 600 वॅटचा हीटर. मे महिन्यात, खिडक्या लावून, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाने हा प्रयोग करायचा?

‘चिपेच्या दोन बाजूंत 60 अंशांचा फरक पडतो’ हा दावाही अर्धसत्य. चिपेच्या डेटाशीटवर, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रकावर, तो आकडा असतो, पण चिप काहीच उष्णता ओढत नसतानाचा. पूर्ण क्षमतेने ओढते तेव्हा दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक शून्य. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

गरम बाजू बाहेर काढली तरी बिल बघा. एक टनाचा एसी साधारण 3500 वॅट उष्णता बाहेर टाकायला हजारेक वॅट घेतो. वरच्याच हिशेबाने (30 वॅट ओढायला 60 वॅट) चिपांना 7000 वॅट लागतील: तासाला 7 युनिट. क्रोनिन वायनिंग या शास्त्रज्ञाने आयुष्य याच, म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक (उष्णता आणि वीज यांची थेट सांगड घालणाऱ्या) तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात घालवलं. 2009 साली ‘नेचर मटेरिअल्स’ या विज्ञान नियतकालिकात त्यांनीच बजावलं, की जिथे प्रचलित तंत्रज्ञान नीट पुरत नाही, तेवढ्याच जागा थर्मोइलेक्ट्रिकला उरतील.

गॅस लागत नाही हे मात्र खरं. एसीतला आर-32 हा गॅस गळला तर वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट भारी. पण म्हणून सातपट वीज जाळायची नसते.

मामा, पार्सल फोडू नका, परत पाठवा. त्या पैशांत 30-35 वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा येईल, तो मी येऊन बसवून देतो.