वजनदार आहे म्हणजे मजबूत आहे, हे या मशीन उचलणाऱ्यांना कुणी शिकवलं?

जुनं सुतारकामाचं मशीन विकायला काढलेल्या माणसाला वजन विचारा. उत्तर ठरलेलं: "चार माणसं लावली की उचलतं." अहो, पण किलोत किती? ३६ इंची चाकांचा जुना बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या लांब पात्याने लाकूड कापणारं मशीन) अख्खा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असतो, टनाच्या आसपास जातो, कधी त्याच्याही वर. एक लिटरभर बीड सात किलोंहून जास्त भरतं. वजन कळल्याशिवाय गाडी कुठली बोलवायची, उचलायचे पट्टे किती क्षमतेचे घ्यायचे, चेनपुलीवर भागेल की फोर्कलिफ्टच लागेल, काहीच ठरवता येत नाही. मशीनवर कंपनीची पाटी असते. तिच्यावरचा मॉडेल नंबर मिळाला की जुन्या कॅटलॉगात वजन सापडतं. त्या पाटीचा एक फोटो मागून मागून माणूस थकतो. येतो तो लांबून, अंधारात काढलेला, मशीनवर रंगाचे डबे आणि रिकामी पोती तशीच ठेवलेली.

दुसरं पालुपद म्हणजे "चालू कंडिशन". दाखवा म्हटलं की तिथे थ्री फेज नाही. मग चालू आहे हे तुम्हाला कसं कळलं? वाडकिनसारख्या जुन्या इंग्लिश कंपन्यांच्या कित्येक मशीनांत मोटर थेट स्पिंडलवरच, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्यावरच, बांधलेली असते, ती जळाली तर बाजारातली दुसरी आणून बसवता येत नाही. घरी सिंगल फेज असेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा डबा) लावता येतो, पण साध्या व्हीएफडीतून २२०-२४० व्होल्टच बाहेर पडतात. मोटर ४१५ व्होल्टसाठी आतल्या आतच स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र) बांधलेली असेल तर कमी व्होल्टसाठी जोडणी बदलायला आधी ती उघडून वायंडिंगची टोकं बाहेर काढावी लागतात. एवढी कामं मागे लागतात म्हणून माणूस आधी विचारतो. त्यावर समोरचा चिडतो आणि म्हणतो, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर संध्याकाळी भंगारात जाईल."

या धमकीने माझ्या डोक्यात तिडीक जाते. वर्षानुवर्षं ते मशीन तुमच्या कोपऱ्यात पडून होतं, तेव्हा घाई नव्हती. घेणारा दिसला की एका दिवसात जागा मोकळी हवी. फेन्स, म्हणजे कापताना लाकूड टेकवायची सरळ पट्टी, कुठे आहे? "असेल इथेच कुठेतरी." गार्ड? "ते कधीच काढून टाकलं." त्या फेन्सशिवाय ते मशीन अर्धं आहे, आणि दुसऱ्या मॉडेलची फेन्स त्याला बसत नाही.

आणि हे सगळं सोसून मशीन घेतलं की गाठ पडते ती उचलणाऱ्यांशी.

वजनदार वस्तू दणकट असते आणि तिला कुठूनही धरलं तरी चालतं, हा समज यांच्या डोक्यातून कोण काढणार? बिडावर भार टाका, ते प्रचंड भार सोसतं. पण ते ताणात आलं, त्याला झटका बसला, तर वाकत नाही, खडूसारखं तुटतं. म्हणून मशीन बैठकीखालून किंवा मुख्य सांगाड्याला पट्टा घालून उचलायचं. टेबलाला धरून कधीच नाही! रंधा मशीन दोन्ही टेबलांना धरून उचललं तर ज्या खाचांवर ती टेबलं वरखाली सरकतात त्यांच्यावर नको तो ताण येतो, आणि पुढे टेबलं एका पातळीत आणताना जीव जातो. बँडसॉचं वजन वर असतं, बैठक त्या मानाने अरुंद, त्यामुळे जरा कललं की ते जातंच. टेबल, फेन्स, मोटर, निघेल ते आधी काढायचं, मशीन लाकडी ओंडक्यांवर बोल्टने आवळायचं, मग पहारीने तसूभर उचलून खाली पाइप सरकवायचे. यात काही अवघड नाही. फक्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यायची कुणाची तयारी नसते.

मी हे माझा बँडसॉ न्यायला ठरवलेल्या कंत्राटदाराला फोनवर सांगितलं, आल्यावर त्याच्या माणसांना हात लावून दाखवलं, पट्टा कुठून जाणार तिथे खडूने खुणा केल्या. टेबल काढायला पाने घेऊन उभा होतो. "साहेब, रोजचं काम आहे आमचं." मी गाडीच्या मागच्या फळ्या बघायला वळलो आणि तेवढ्यात त्यांनी पट्टा टेबलाखालून घालून चेन ओढली. कट्‌ असा एकच आवाज आला. टेबल ज्यावर तिरकं करता येतं तो खालचा अर्धगोल सांधा दोन तुकडे होऊन पडला होता.

वर कंत्राटदार काय म्हणाला? "तडा आधीचाच असणार." मी तुकडा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. जुनी चीर असली की तिच्यात तेल आणि गंज मुरून कड काळपट पडते. ही कड या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ राखाडी, दाणेदार, चमकणारी. आत्ता, इथे, तुमच्या हातून तुटलंय. त्याने पावती पुढे केली. खाली बारीक अक्षरात छापलेलं: मालाच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.

त्या पोरांवर माझा राग कमी आहे. पायात धड बूट नाहीत, हातात मोजे नाहीत, मशीन हवेत असताना त्याखाली हात घालून पाइप सरकवत होती. मी ओरडून त्यांना बाजूला केलं. पट्टा निसटला असता तर सांध्याऐवजी कुणाचा तरी हात गेला असता. त्यांना असं पाठवणारा माणूस गाडीच्या केबिनमध्ये बसून "लवकर आवरा" म्हणत होता.

आता तो सांधा जोडायचा म्हणजे आधी सगळा तापवायचा, निकेलच्या रॉडने थोडं थोडं वेल्डिंग करायचं, मग राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू थंड करायचा. घाई केली तर शेजारीच नवीन तडा. एवढं करून तो वाकडा झाला तर नवा ओतायचा. कंपनीकडे हा भाग मिळत नाही, म्हणजे लाकडाचा नमुना मला करावा लागणार, थंड होताना बीड साधारण एक टक्का आकसतं म्हणून तेवढा मोठा ठेवून, आणि ओतकाम झाल्यावर खराद. कित्येक दशकं रोज लाकूड कापूनही त्या सांध्याला काही झालं नव्हतं.

आणि कंत्राटदाराचा रोज फोन येतोय, उरलेले पैसे कधी देताय म्हणून. देणार नाही. आधी सांध्याचा खर्च भर, मग बोल.