'चालते ना भाऊ' म्हणणाऱ्यांनो, भर पाण्यात माझं इंजिन चालत नाही!

काल पुन्हा तेच. अंभोऱ्याच्या खाली, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, दिवस बुडता बुडता इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. डोंग्यात मी, भाचा आणि दिवसभराची मासोळी. वारा उलटा, चहूकडे जलपर्णी. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढला तर काळाकुट्ट, तेलानं चिंब. टाकून पंधरा दिवसही झाले नव्हते! वल्हं मारत काठाला लागलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, अन् बायको कंदील घेऊन घाटावर उभी होती.

आणि लोक म्हणतात, प्लगच खराब येऊन राहिले. प्लग खराब नाही हो! खराब आहे ते तुमचं 'चालते'.

दुकानातून सुरू करतो. माझं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं ते. त्याला बी-७-एचएस-१० प्लग लागतो. शेवटचा १० म्हणजे गॅप, ठिणगी पडते ती टोकांमधली फट, १ मिलिमीटर. दुकानदारानं काढून दिला बी-७-ईएस. "आटे सारखेच हायत ना भाऊ, चालते." अरे, जाडी सारखी आहे, लांबी नाही! 'एच'चे आटे १२.७ मिलिमीटर, 'ई'चे १९. सहा मिलिमीटर प्लग आत डोकावला तर पिस्टन येऊन आदळेल. प्लगाच्या पैशात माझं इंजिन फोडायला निघाला होता हा माणूस!

मग मेकॅनिक. प्लग पॉलिश पेपरवर घासायचा, दगडावर ठोकून गॅप 'अंदाजानं' करायचा. गॅप मोजायचं फिलर गेज मागितलं तर माझ्याकडे असा पाहतो, जसं त्याची किडनी मागितली. वर तापलेल्या इंजिनात प्लग अंगाचा जोर लावून आवळायचा. प्लग बसतो ते हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले की हजारोंचं काम निघतं. नवा प्लग आधी हातानं शेवटपर्यंत फिरवायचा, वॉशर टेकलं की पान्यानं अर्ध्या फेऱ्याच्या किंचित वर. बस. एवढंच तर करायचं आहे!

आणि आता घरचे. भाचा पेट्रोलच्या कॅनमध्ये ऑइल ओततो ते डोळ्यानं मोजून. "मामा, ऑइल जास्त असलं तं इंजिन मऊ चालते." कुठून शिकला हे? ५० ला १ म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. याच्या हातून किती पडतं ते देवालाच ठाऊक. तेही गाडीचं टू-टी ऑइल. बोटीच्या पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू-३ लागतं, त्यात राख करणारे घटक नसतात. गाडीच्या ऑइलची राख प्लगावर बसते, ठिणगी मरते.

त्यात ही जलपर्णी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत येतं, आणि इथं ती फोफावते. तिच्यातून डोंगा हळूच न्यावा लागतो. तासन्‌तास हळू चाललं की प्लग पुरता तापत नाही, काजळी जळत नाही, साचत जाते. म्हणजे आमच्या पाण्यात तर ऑइल थेंबाथेंबानं मोजायला पाहिजे! प्लग काढून पाहिला तर टोक फिकट बदामी दिसावं. आमचं आजवर तसं दिसलंच नाही.

आता डोंग्यात हवाबंद डब्यात दोन नवे प्लग, पाना, फिलर गेज आणि तारेचा ब्रश ठेवला आहे. ऑइलसाठी मापाची बाटली वेगळी. मापाशिवाय कॅनला हात लावला तर भाच्याला काठावरच सोडून जाईन, बहिणीला सांगून ठेवलं आहे.

उद्या पवनीला जातो. नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेतो. तो प्लग असेल तर द्या. नसेल तर 'नाही' म्हणा, मी नागपूरला जाईन. पण 'चालते' म्हणू नका!