मुलाच्या छातीतली गाठ आणि बिचारी कोंबडी

‘मुलग्यांना ब्रॉयलर चिकन देऊ नका, त्यातल्या हार्मोनमुळे त्यांची छाती वाढते’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. ब्रॉयलर भराभर वाढतो तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे.

वयात येताना जवळपास निम्म्या मुलग्यांना, बहुतेकदा १२ ते १४ या वयात, स्तनाग्रामागे दुखरी चकती हाताला लागते. कधी एकाच बाजूला. पुरुषाच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन (स्त्रियांमध्ये जास्त असणारं हार्मोन) बनतंच. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) पुरेसं वाढेपर्यंत दोघांचा तोल डळमळतो, एवढंच. चरबीतलं एक विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, म्हणून अंगाने भरलेल्या मुलांत हे जास्त दिसतं.

बहुतेकांची सूज ६ महिने ते २ वर्षांत आपोआप उतरते. मालिश नको, मलम नको. मूल पोहायला जायचं टाळत असेल तर चिडवू तर अजिबात नका. मात्र गाठ कडक असेल, स्राव येत असेल, वृषणात गाठ लागत असेल किंवा वयात येण्याआधीच छाती वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवा.