15 ऑगस्ट, हेगमधून

माझा पुण्याचा मावसभाऊ 15 ऑगस्टच्या माझ्या फोटोंवर हटकून चिडतो. सकाळी भारतीय दूतावासाचं झेंडावंदन, तिथवर त्याची हरकत नसते. पण 15 ऑगस्ट 1945 ला जपानने शरणागती जाहीर केली होती, म्हणून त्याच दिवशी मी हेगमधल्या इंडिश स्मारकावरही, म्हणजे डच ईस्ट इंडीजमधल्या युद्धबळींच्या स्मारकावर, जातो. जपानी छावण्यांत मेलेल्या आपल्या माणसांना डच लोक तिथे फुलं वाहतात. "गोऱ्यांच्या तावडीतून आपण सुटलो त्या दिवशी तू गोऱ्यांसाठी रडायला जातोस?" हा त्याचा सवाल. सवाल वावगा नाही, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मार्च 1942 मध्ये जपानने डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, जिंकला आणि तिथल्या एक लाखाच्या आसपास युरोपीय नागरिकांना छावण्यांत कोंडलं. ही युद्धकैदी सैनिकांव्यतिरिक्तची, साधी घरंदारं असलेली माणसं. बायका-मुलं एकीकडे, पुरुष दुसरीकडे. बटाव्हियातल्या, म्हणजे जकार्तातल्या, चिडेंग छावणीत एका वस्तीभोवती बांबूचं कुंपण घालून शेवटी दहा हजारांहून जास्त बायका-मुलं भरली होती. एका कुटुंबाच्या घरात कैक कुटुंबं. हजेरीला उन्हात उभं राहायचं, कमरेत वाकून मुजरा करायचा, आणि सोनेई नावाच्या कॅप्टनची मर्जी फिरली की साऱ्या छावणीचं जेवण बंद. मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की तो 'पुरुष' ठरायचा आणि आईपासून तोडून पुरुषांच्या छावणीत धाडला जायचा. भुकेल्या बायका एकमेकींना पाककृती सांगत आणि मिळेल त्या कागदावर उतरवून घेत. पोटात काही नसताना लोणी किती नि साखर किती याचे तपशील लिहिलेल्या त्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. दर आठांमागे निदान एक माणूस छावणीतून परत आलं नाही.

परत आले त्यांचं स्वागत कसं झालं? नेदरलँड्स स्वतःच 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यातून उठत होता. तुमच्याकडे निदान ऊन तरी होतं, असं त्यांना ऐकवलं गेलं. मग लोकांनी तोंडं मिटली. 1971 मध्ये सम्राट हिरोहितो इथे आला तेव्हा त्याच्या गाडीवर कुणीतरी थर्मास भिरकावला, तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं की शेजारच्या घरात काहीतरी धुमसतंय. राष्ट्रीय स्मारक उभं राहायला 1988 साल उजाडलं. आज तिथे येणारे लोक छातीवर मेलाती लावतात. मेलाती म्हणजे आपला मोगराच. परक्या देशात सुटाच्या कॉलरवर मोगरा पाहून मला पहिल्यांदा फार विचित्र वाटलं होतं.

आता भावाचा मुद्दा. हे लोक तिथे राज्य करत होते, हे खरंच आहे. जपान्यांनी जावातल्या रोमुशांना, म्हणजे वेठबिगारांना, राबवून मारलं, दुष्काळात गावंच्या गावं उपाशी मेली, आणि ती संख्या छावण्यांतल्या मृतांच्या कितीतरी पट होती. इंडोनेशियाचे नेते सुकार्नो यांनी 17 ऑगस्ट 1945 ला स्वातंत्र्य जाहीर केल्यावर नुकताच जर्मनांच्या टाचेखालून सुटलेला हाच नेदरलँड्स पुन्हा तिथे सैन्य घेऊन गेला. 1947 मध्ये रावागेडे गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. तिथल्या विधवांना हेगच्या न्यायालयात न्याय मिळाला तो 2011 मध्ये. डच राजाने 2020 मध्ये इंडोनेशियात जाऊन माफी मागितली, तेव्हाचे पंतप्रधान रुट यांनी 2022 मध्ये. स्वतःच्या जखमेचं स्मारक व्हायला चार दशकं लागली आणि स्वतःच्या हातून झालेलं कबूल करायला सात. छावणीत बालपण गेलेल्या काही वृद्धांना ही माफी खुपते. आमचं दुःख आता गुन्हेगारांच्या रकान्यात टाकता का, असं त्यांना वाटतं. मला त्यांचं वाटणं कळतं, पण पटत नाही. आठ वर्षांच्या मुलीची भूक आणि तिच्या बापाच्या मळ्यावरचा अन्याय या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

आणि भावाला मुद्दाम सांगायची एक गोष्ट. या बायका-मुलांना सोडवून आणायला ऑक्टोबर 1945 मध्ये जी ब्रिटिश फौज सुराबायात उतरली, ती मुख्यतः भारतीय होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. सातारा-कोल्हापूर-कोकणातली पोरं. गोऱ्यांची बायका-मुलं वाचवत असतानाच ती एका आशियाई देशाच्या स्वातंत्र्यलढ्यावर गोळ्या झाडत होती. भारतीय सैनिक तिथे वापरायला नेहरूंनी जाहीर विरोध केला होता. तेव्हा 'गोऱ्यांचं दुःख, आपला काय संबंध' हे वाक्य निदान मराठी माणसाने तरी जपून वापरावं.

मला खरं टोचतं ते वेगळंच. राजस्थानातल्या देवळीच्या छावणीबद्दल आपल्याला काय माहीत असतं? ज्यांना थोडं माहीत आहे त्यांना जयप्रकाश नारायण आठवतात, कॉम्रेड डांगे आठवतात, 1941 चं उपोषण आठवतं. इंग्रजांनी खटल्याविना डांबलेली आपली माणसं. पुढे युद्धात त्याच छावणीत जपानी नागरिक ठेवले गेले. आणि चीनशी युद्ध झालं त्या नोव्हेंबर 1962 पासून तिथे होते आसाम, शिलाँग, दार्जिलिंगचे सुमारे तीन हजार चिनी वंशाचे लोक. माकुमसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, कित्येक तर असमिया बोलणारे. खटला नाही, आरोप नाही. आगगाडीत बसवून आठवडाभराचा प्रवास. काहींना पाठोपाठ चीनला रवाना केलं, ज्या देशात त्यांच्या मुलांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. काहीजण 1967 पर्यंत आतच होते. सुटून गावी गेले तर घर-दुकान लिलावात गेलेलं.

या वेळी डांबणारे आपण होतो.

2021 पासून आपल्याकडे 14 ऑगस्टला फाळणीच्या यातनांचा स्मृतिदिन पाळतात. त्यावरून घरच्या ग्रुपवर दरवर्षी भांडण होतं. मी पाळण्याच्या बाजूचा आहे; एवढ्या माणसांनी जे भोगलं त्याला एक दिवस हवाच. पण जो दिवस फक्त दुसऱ्यांनी आपल्याला काय केलं एवढंच मोजतो, तो मला अर्धा वाटतो. गलवाननंतर जून 2020 मध्ये रामदास आठवले यांनी चायनीज खाद्यपदार्थांवर बंदीची मागणी केली तेव्हा आपण विनोद केले, मीही केले. कोपऱ्यावरचा मंचुरियनवाला नेपाळी नाहीतर नांदेडचा, त्याचं काय बिघडणार होतं म्हणा. पण कोलकात्याच्या टांग्रातल्या चिनी कुटुंबांना तो विनोद वाटला नसणार. त्यांच्या घरी 1962 ची आठवण असते.

देवळीत आज या तीन हजार लोकांचं स्मारक नाही. त्यातले बरेच टोरोंटोत स्थायिक झालेत आणि भारत सरकारने आपली माफी मागावी एवढंच म्हणताहेत; पैशाची भाषाही फारशी नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांची माफी 1988 मध्ये मागितली, प्रत्येकी 20,000 डॉलर दिले. डचांनी मात्र ईस्ट इंडीजमधल्या सरकारी नोकरांचा युद्धकाळातला थकलेला पगार 2015 मध्ये निकाली काढला: 25,000 युरो, तेही त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला हयात असलेल्यांनाच. बहुतेकांचे तोवर फक्त वारस उरले होते. देवळीत आठ वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे.