घर विकायचं नाहीये!

शनिवार उजाडला की अलिबागच्या आमच्या घरासमोर गाडी थांबते, काच खाली होते. "काका, विकणार का?" अहो, ओटीवर आई तांदूळ निवडत बसलीय, दिसत नाही का?

२०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली तेव्हा आम्हालाही आनंदच झाला होता. आता तासाभरात गाडीसकट मुंबई इकडे, आणि जागांचे भाव तिकडचा खिसा बघून ठरतात. इथेच जन्मलेल्या, इथेच नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याला दोन खोल्या परवडत नाहीत. गेल्या महिन्यात एक जागा जमत आली होती. सातबारा काढला तर त्यावर २३ नावं! निम्मी माणसं कधीच वारलेली, वारसनोंदीचा पत्ता नाही. एजंट म्हणतो, "ते होईल हो सगळं, आधी टोकन द्या." कशाच्या भरवशावर द्यायचं?

आणि जे घेतात ते राहतात तरी का? आंग्र्यांच्या या गावात समुद्राकाठची घरंच्या घरं कुलूपबंद. शेजारच्या घराची कौलं श्रावणात सरकली, पाणी आत गळतंय, आमच्या सामाईक भिंतीला ओल आलीय. मालकाचा फोन लागत नाही. आज पुन्हा शनिवार.